वजन आमच्याच काट्यावर

देणगी नाकारणारी माणसं पाहिलीत कधी? मी पाहिलीत, आमच्या हडपसरात. तेव्हा आयटी पार्क नुकतं उभं राहत होतं. आमचा ज्वारी उत्पादक संघ सभासदांच्या धान्यावर चालायचा. पोत्यामागे एक पायली ज्वारी संघाला द्यायची. ती विकून संघानं वजनकाटा घेतला होता. माल विकण्याआधी सभासद तिथं फुकट वजन करून घेत, त्यामुळे व्यापाऱ्यांना मापात मारता येत नसे.

एकदा तो काटा मोडला. लगेच एक बडा व्यापारी सभेत आला. म्हणाला, "नवा इलेक्ट्रॉनिक काटा मी देतो. फक्त तो माझ्या गोदामात राहील."

आमच्या अध्यक्षा शांताकाकू म्हणाल्या, "मग तुमच्याकडनं फसायला आम्ही तुमच्याच दारात यायचं व्हय?"

तो हसला. "अहो काकू, पायली-पायली गोळा करून नवा काटा कधी यायचा?"

काकू सभासदांकडं वळल्या. "यंदा दोन पायल्या. कुणाची ना हाय का?"

माझ्या वडिलांनी पहिला हात वर केला. "ना नाय. माझ्या तीन लिहा."

सुगी संपायच्या आत काटा आला. तोच व्यापारी ज्वारी घ्यायला आला, तेव्हा काकूंनी काट्याकडं बोट दाखवलं. "वजन इथंच होईल. पटत नसेल, तर रस्ता मोकळा हाय."

गडी मुकाट्यानं काट्यापुढं बाकीच्या व्यापाऱ्यांच्या रांगेत उभा राहिला.