पेन्शनच्या खिडकीवर दोघी

पेन्शन ऑफिसच्या रांगेत माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या जुळ्या बहिणी होत्या.

“साहेब, हिची पेन्शन आली, माझी बंद झाली.”

“आजी, नव्या सिस्टिमने डबल नोंदी काढल्यात. आडनाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं सारखं. तुम्ही डबल निघालात.”

“डबल नाही हो, जुळ्या आहोत.”

“सिस्टिमला जुळं कळत नाही.”

“तुम्हाला तरी दोघी दिसतोय ना?”

“मला दिसून काय उपयोग? असं करू, एकीची जन्मतारीख एक दिवस पुढे टाकू.”

“हिची टाका. ही दहा मिनिटांनी धाकटीच आहे.”

“माझी का? पेन्शन तुझी अडकलीय.”

“अगं, मग मी धाकटी होईन.”

“हो ना. आयुष्यभर ताईगिरी केलीस, आता मला ताई म्हण.”

“आजी, टाकू का तारीख?”

“राहू द्या साहेब. मी डबलच बरी.”