बैठकीची खोली आवरली तेव्हा

(समजा मुलांनो, तुम्ही एका बैठकीच्या खोलीत उभे आहात. परवापर्यंत इथे पाय ठेवायला जागा नव्हती. आज चेंडू टाकला तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घरंगळत जाईल. चार दिवस बहिणीकडे राहून आजोबा आत्ताच परतलेत. आठ वर्षांची चिऊ आणि तिची आई त्यांच्याकडे बघताहेत.)

आई : ...मग बाबा, कशी वाटतेय खोली?

आजोबा : छान. नेहमीसारखीच.

चिऊ : नेहमीसारखी? चेष्टा करताय ना!

आजोबा : दमलोय ग. जरा टेकतो खुर्चीत.

आई : बाबा, खुर्ची नाहीये तिथे! बाबा!

चिऊ : आई ग! पडले!

आई : लागलं का? हळू... अहो, समोर नुसती फरशी, आणि तुम्ही बसलात कशावर?

आजोबा : खुर्ची कुठे गेली?

आई : भंगारवाल्याकडे, पाय मोडकाच होता तिचा. तिपाई, पेपरांचे गठ्ठे, बंद शिवणयंत्र, सगळं गेलं. वर्षभरात ज्याला कुणाचा हात लागला नाही ते घराबाहेर, असं ठरवूनच आवरायला घेतलं.

आजोबा : माझा रोज लागत होता, सूनबाई. दारातून शिवणयंत्र, मग गठ्ठे, मग तिपाई, की आली खुर्ची.

आई : म्हणजे?

चिऊ : आजोबा, ही किती बोटं?

आजोबा : ...तीन?

चिऊ : आई, मी हात वरच केला नाहीये.

आई : अरे देवा! कधीपासून, बाबा?

आजोबा : दोन वर्षं झाली. आधी अक्षरं गेली, मग चेहरे. आता उजेड तेवढा कळतो.

चिऊ : म्हणून मला पेपर वाचायला लावता! म्हणे, उच्चार सुधारतात!

आजोबा : सुधारले की नाही?

आई : आणि हिला रोज शाळेत सोडता तुम्ही! तो मोठा रस्ता ओलांडून!

आजोबा : मी कसला सोडतोय? तीच मला ओढत नेते. येताना शाळेचा पहारेकरी रस्ता ओलांडून देतो. त्याला ठाऊक आहे.

आई : त्याला ठाऊक, आणि घरात कुणाला पत्ता नाही! उद्यापासून शाळेत मी सोडणार.

आजोबा : याच वाक्याला घाबरून गप्प होतो ग. अख्ख्या दिवसात तेवढी वीस मिनिटंच माझी असतात.

आई : आणि एखादी गाडी अंगावर आली असती तर?

आजोबा : चुकलं माझं.

आई : उद्या आधी डॉक्टर. शाळेचं... शाळेचं मग बघू.

चिऊ : आजोबा, उठा. हात द्या. मला खिडकीपर्यंत न्या.

आजोबा : मी? तुला?

चिऊ : हो. मी डोळे घट्ट मिटलेत. आई, तू मागून ये, उद्या शाळेतही असंच तिघं जाऊ. चला, आजोबा, सावकाश. कुठे कुठे भीती वाटते ते मी बघतेय. रस्त्यात नेमकं तिथेच मी तुम्हाला पुढे काय आहे ते सांगत जाईन.