दादासाहेबाची सभा

तुमी म्हणता पुढारी आताच बिघडले! अबे, वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चाले, तेव्हाची आमच्या हद्दीवरच्या धाड गावातली दादासाहेबाची सभा पाह्याले पाहिजे होती.

बोर्डाची निवडणूक होती. दादासाहेब एकाच गोष्टीवर मतं मागून राह्यला होता, "निजामाच्या मोगलाईतून लोक चोरून हद्द ओलांडतात, आपली मजुरी खातात. हाकला त्यायले!"

सभा भरलेली दिसावी म्हणून त्यानं आपल्या वावरातल्या कापूस वेचणाऱ्या बाया समोर आणून बसवल्या. साऱ्याच्या साऱ्या मोगलाईतल्या! दर दिवाळीले तोच बैलबंडी पाठवून त्यायले अलीकडं आणे.

मी कानात म्हटलं, "दादासाहेब, हे कसं?"

तर म्हणे, "तू टाळ्या वाजव बे."

मंग ज्या बंडीत त्या बाया आल्या होत्या, तिच्यावरच चढून गडी गरजला, "जे मोगलाईतून आले असतील, त्यायनं आत्ताच्या आत्ता चालतं व्हावं!"

मालकाचा हुकूम! बाया उठल्या, पदर खोचले अन् सरळ हद्दीच्या वाटेले लागल्या. अर्धी सभा रिकामी. वावरात कापूस फुटून पांढराफट उभा, अन् वेचणाऱ्या निघाल्या घरी! दादासाहेबानं बंडीवरून उडी मारली अन् धोतर सावरत मागं पळाला.

"अवं, थांबा! तुमाले नाई म्हटलं!"

पुढची म्हातारी वळली. "मंग कोणाले म्हटलं, मालक?"

"अवं माय, ते भाषणातले लोक येगळे!"