पोस्टात पशू

घरात कोनालेच माझं खरं वाटलं नाही, पण पोस्टातल्या बाबूनं मले तसंच इचारलं होतं. घरची हळद पहिल्यांदाच नागपूरच्या गिऱ्हाइकाले पाठवून राह्यली होती. कुरिअर महाग, म्हनून मी तेलंगणातल्या आमच्या भीमपूरहून पोस्टात गेली.

बाबूनं डबा हुंगला अन् म्हनला, "पसुपा?"

"पशू? एवढ्याशा डब्यात बैल मावते का रे?"

मी डबा उचलला अन् तणतणत घरी आली.

शेजारची मास्तरीण हसून हसून लोळली. "काकू, तेलुगूत हळदीले पसुपु म्हनतेत!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो म्हनलं, तोवर गिऱ्हाइकानं दुसरीकडून हळद घेतली.

आता सांगा, चूक कोनाची? पाचवीत तेलुगू लागनार होती, अन् चौथीतच माझं नाव शाळेतून काढलं कोनं? माह्या थोरल्या भावानं, मारोतीनं!