मूठ उघड म्हणाला माझा बापूस

तुमी मिठाच्या लढ्याच्या गोष्टी लिहून घेत फिरताय म्हणून कोणी तरी तुमाला माझ्या दारात पाठवलं, पण भाऊ, चुकून पाठवलं असंल, कारण या भाईंदरच्या खाडीकाठी मार खाल्लेल्यांची नावं तुमाला कोणीही सांगंल, आणि मी मार देणाऱ्याची पोर. माझा बापूस काशिनाथ, सरकारच्या मिठाच्या नाक्यावर शिपाई व्हता. आता ऐकून उठून जाल तर जा, बसाल तर बसा. बसता? मग बसा, पाटावर बसा, जमीन ओली हाय.

आमी इथलेच. आजा मिठागरावर राबला, आजी राबली, खाऱ्या पाण्यात उभं राहून राहून आजाच्या टाचांना अशा भेगा पडल्या व्हत्या की त्यात बोट जाईल, रात्री आजी त्यात मेण भरायची. म्हणून आजानं काय केलं, पोराला खाऱ्या पाण्यात घालायचा न्हाय म्हणून शाळेत घातला, तो तिसरी शिकला, आणि तिसरी शिकला म्हणून त्याला नाक्यावर घेतला. पट्टा मिळाला. काय सांगू तुमाला, त्या पट्ट्याचं पितळी बक्कल माझी आयस चिंचेनं घासायची, असं घासायची की त्यात तोंड दिसावं, आणि मी तो पट्टा दोन्ही हातांवर धरून बापाला नेऊन द्यायची. आमच्या आळीत पायात वहाण घालणारा तोच एक. मला लई अभिमान व्हता. हे मी मुद्दाम सांगते, कारण लाज नंतर आली, आधी अभिमान व्हता, आणि दोन्ही एकाच गोष्टीची.

नाक्याचं काम काय, तर मीठ चोरून जात न्हाय ना ते बघायचं. समोर समिंदर, सगळीकडं मीठ पांढरं पडलेलं, आणि गावच्या बाईनं वाटीभर उचललं तर ती चोर. लहानपणी मला यात काय चुकीचं वाटायचं न्हाय. बापूस म्हणायचा, सरकारचं हाय ते. आयस म्हणायची, समिंदर कवापासून सरकारचा झाला? तर तो हसायचा. घरात हसण्यावारी जायचं ते.

मग ते साल आलं. इथं तिथं सगळीकडं मीठ उचलायचं सुरू झालं, आमच्या इथं पण मुंबईहून चार खादीवाले आले, देवळात बोलले, आणि सकाळी गावातली माणसं मिठागरावर निघाली, बायका पण निघाल्या. मी बापाची भाकर घेऊन नाक्यावर गेले व्हते म्हणून मी तिथंच. बांधावर गोरा साहेब उभा, त्याच्या बाजूला मिठागराचा शेठ, आणि पोलिसांना माणसं कमी म्हणून नाक्यावरच्या शिपायांना पण काठ्या दिलेल्या. माझ्या बापानं त्याआधी काठी कुत्र्याला पण मारली नसंल.

आमच्या आळीत चांगुणाकाकी राहायची. तिचा नवरा माझ्या बापाचा लांबचा भाऊ, म्हणून बापूस तिला वहिनी म्हणायचा, आणि माझ्या जन्माला सुईण वेळेवर पोचली न्हाय तवा तीच आयसपाशी बसलेली, आयस सांगायची. मिठागरात फळीनं मीठ ओढण्यात तिचा हात सगळ्यांत चलाख. तर ती काकी खाली वाकली, मूठभर मीठ घेतलं आणि चालत आली, आणि आली ती नेमकी माझ्या बापासमोर. बापूस म्हणाला, वहिनी, मूठ उघड. ती न्हाय उघडत. तो परत म्हणाला, वहिनी, मूठ उघड, मी पाया पडतो, चिमूटभर मिठासाठी कशाला. ती म्हणाली, चिमूटभर हाय तर जाऊ दे की मला. बापानं बांधाकडं बघितलं. साहेब बघत व्हता. मग त्यानं तिचा हात धरला आणि बोटं उघडायला लागला, ती उघडंना, आणि त्यानं काठीचा बुंधा त्या मुठीवर घातला. एकदा न्हाय, परत घातला. आवाज झाला, भाऊ. वाळकं लाकूड मोडतं तसा. मीठ खाली पडलं आणि काकी त्या मिठावर बसली. ओरडली न्हाय. मीच ओरडले.

घरी आला तो जेवला न्हाय. आयसनं पट्टा उचलला न्हाय, जिथं टाकला तिथं पडून राहिला. ती एवढंच म्हणाली, ती आपली चांगुणा व्हती. तो म्हणाला, साहेब बघत व्हता. ती म्हणाली, मी पण बघते आता. आमच्या घरातलं बोलणं तिथं आटलं ते आटलंच.

गावानं आमाला वाळीत टाकलं. विहिरीवर मी गेले की बायका हंडे उचलून बाजूला व्हायच्या, शिवी न्हाय, काय न्हाय, नुसत्या बाजूला. आयस भर दुपारी जायला लागली, कोणी नसतं तवा. शाळेत मला कोणी शेजारी बसवून घेईना. मला वाटायचं, बरोबर हाय त्यांचं. पण एक गंमत ऐका, गंमत कसली. मासळी सुकवायची तर मीठ लागतं, आणि मीठ सोडणार कोण, तर नाक्यावरचा शिपाई. मग ज्यांनी वाळीत टाकलं तीच माणसं दिवस कलला की आमच्या मागच्या दारी यायची, काशिनाथदादा, जरा बघा, एक टोपलं सोडा. आणि बापूस सोडायचा. पुढच्या दारानं थुंकायचे, मागच्या दारानं हात जोडायचे. राजकारण मी तवा शिकले, पुस्तकात न्हाय शिकले. चांगुणाकाकी तेवढी कवा आली न्हाय. तिच्या घरची मासळी त्या साली सडली.

तिच्या उजव्या हाताची बोटं वाकडीच राहिली. हाडवैद्यानं बांधली, पण धरली न्हायत नीट. मग ती मीठ ओढायची फळी डाव्या हातानं धरायला शिकली, हळूहळू, आणि जिचा हात सगळ्यांत चलाख ती सगळ्यांच्या मागं राहायला लागली. रस्त्यात दिसली की मी मान खाली घालायची. ती मला कवा एक वाकडा शब्द बोलली न्हाय, तेच जास्त लागायचं. बोलली असती तर बरं झालं असतं.

माझं लगीन जमेना. जमलेलं एक मोडलं, पोरगी शिपायाची, म्हणून. शेवटी काशीगावात दिलं, भातशेतीवाले, माणूस गरीब स्वभावाचा, पण सासू प्रत्येक भांडणात बापाचा पट्टा काढायची. लढाई आली, रेशन आलं, चळवळ परत उसळली, आणि बापूस तोवर नोकरीतून उतरलेला, घरी बसून जाळी विणायचा. कोणाशी बोलायचा न्हाय. मी माहेरी गेले की विचारायचा, तिकडचा पाऊस कसा, आणि मी म्हणायची, बरा हाय. बापलेकीचं एवढंच.

आणि मग स्वराज्य आलं. बंदरावर झेंडा लावायचा ठरला, अख्खं भाईंदर लोटलं, उत्तनहून किरिस्तांव मंडळी होड्या सजवून आली, बँडबाजा घेऊन आली, काय तो दिवस. मी पण पोरं घेऊन आले. खुर्चीवर अध्यक्ष कोण? तर शेठ. तोच शेठ, ज्यानं त्या दिवशी बांधावर साहेबाला छत्री धरली व्हती. आता डोक्यावर खादीची टोपी, इस्त्रीची, आणि भाषण काय केलं, आमच्या मिठागरावरच्या लढ्याची आठवण मला अजून ताजी हाय, म्हणे. खोटं न्हाय बोलला, हाय की त्याला आठवण, पण कोणत्या बाजूची ते सांगितलं न्हाय. त्यानं तुरुंगात जाऊन आलेल्या चौघांचे सत्कार केले. चांगुणाकाकी बायकांत मागं उभी, पदरात हात. तिला कोणी पुढं बोलवलं न्हाय. ती तुरुंगात न्हाय गेली ना, नुसती बोटं मोडली.

भाषणं सरली आणि मी बघते तर माझा बापूस. स्वच्छ धोतर, हातात काय न्हाय, गर्दीतून वाट काढत काकीकडं चाललाय. तो तिच्यापाशी गेला, हात जोडले आणि हळू म्हणाला, वहिनी, जरा बाजूला येता?

ती म्हणाली, बाजूला कशाला? माझी बोटं बाजूला नेऊन मोडलीस काय? गावासमोर मोडलीस. बोलायचं तर हितं बोल.

आजूबाजूची माणसं वळली. बापाचे ओठ हलले, भाऊ, मी बघितले हलताना, पण आवाज न्हाय आला. तो तसाच हात जोडून उभा. मला ते बघवंना, का काय झालं मला, इतक्या वरसांचं एकदम वर आलं, आणि मी मोठ्यानं म्हणाले, माझ्या बापानं काकीची बोटं मोडली, मी बघितलं, आणि हा शेठ साहेबाला छत्री धरून उभा व्हता, ते पण मी बघितलं. बँडवाल्यानं पण वाजवायचं थांबवलं. शेठ खुर्चीतून उठला आणि गोड आवाजात म्हणाला, बाई, आज सणाचा दिवस हाय, जुनं उकरू नका. आणि लोकांनी मान हलवली, बरोबर, बरोबर, सणाचा दिवस हाय. वाजंत्री परत सुरू झाली.

मला वाटलं काकी तरी माझ्या पाठीवरून हात फिरवंल. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, तू कशाला बोललीस? मला त्याच्या तोंडून पायजे व्हतं. तुझं तोंड घेऊन मी काय करू? आणि ती गेली. बापूस कवाच गेला व्हता. तो माझ्यासमोर न्हाय आला, चार म्हैने माझ्याशी बोलला न्हाय.

त्या दिवसापासून माझी लाज दुप्पट झाली. आधी बापानं केलं त्याची, मग बापाला भर गावात उघडा केला त्याची. नवरा म्हणाला, खरं तेच बोललीस. पण खरं बोलायचं काम ज्याचं असतं त्याच्या हातून ते काढून घेतलं की ते खरं अर्धंच राहतं, हे मला त्या दिवशी कळलं, उशिरा कळलं.

गेल्या पावसाळ्यात खाडीचा बांध फुटला, खारं पाणी भातात शिरलं, म्हणून देवळात गावाची बैठक झाली, आमच्या काशीगावची माणसं पण बोलावली, मी नवऱ्यासंगं आले. भांडण जुंपलेलं, मिठागरवाला म्हणतो शेतकऱ्यांनी बांधावं, शेतकरी म्हणतात मिठागरवाल्यानं. त्यात बापूस उभा राहिला. काठी टेकून उभा. कोणी म्हणालं, काशिनाथदादा, बांधावर बोला. तो म्हणाला, बांधावरचंच बोलतोय. आणि म्हणाला, त्या साली बांधापाशी मी चांगुणावहिनीची बोटं मोडली. साहेब बघत व्हता असं मी घरी सांगत आलो. पहिला दांडा साहेबासाठी घातला. दुसऱ्या वेळी साहेबानं तोंड फिरवलं व्हतं. दुसरा मी माझ्या रागानं घातला, ती उघडंना म्हणून, माझं ऐकंना म्हणून. तो माझा हाय.

हे मला पण ठाऊक नव्हतं, भाऊ. आयसला पण नव्हतं, ती तर ऐकायला राहिली न्हाय.

शेठचा मुनीम म्हणाला, बसा आता, म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर. आणि बायकांतून चांगुणाकाकी उठली. तिनं बापाकडं नीट बघितलं, म्हणाली, ऐकलं. बास, तेवढंच. माफ केलं म्हणाली न्हाय, रडली न्हाय. मग गावाकडं वळून म्हणाली, आता बांधाचं बोला, भात सडतंय. आणि खाली बसली.

बांध शेवटी सगळ्यांनी मिळून घातला. बापूस पण टोपल्या वाहायला गेला, या वयात, कोणी अडवलं न्हाय, कोणी कौतुक पण केलं न्हाय. बांध होईस्तोवर मी त्याच्याकडंच राहिले, आता पण त्याचं करायला येऊन जाऊन इथंच असते; तो घरी आला आणि मला म्हणाला, भागी, जेवायला वाढ. किती वरसांनी नाव घेतलं माझं.

आता तुमी विचाराल, लाज गेली का. न्हाय गेली. हलकी झाली असं पण मी म्हणणार न्हाय. शेठ अजून खुर्चीवर हाय, पुढं मतं पडतील तवा पण त्यालाच पडतील असं सगळे म्हणतात. पण तुमी लिहिताय तर मारणाऱ्याच्या घरचं पण लिहा. मार खाणाऱ्यांचंच लिहिलंत तर पुढच्या पोरांना वाटंल, मारणारे कोणी लांबचे व्हते, परके व्हते, बोटीनं आले आणि बोटीनं गेले. माझा बापूस कुठं न्हाय गेला. तो परसात जाळं विणतोय बघा.

तुमचं भलं होवो, भाऊ, तुमच्या पोरांना तुमचं नाव सांगताना आवाज बारीक करावा न लागो. चांगुणाकाकीकडं जाणार असाल तर आताच जा, ती मिठागरावर भेटंल, डाव्या हातानं फळी ओढणारी तीच. तिला नमस्कार सांगा. माझा न्हाय, तुमचाच सांगा. माझा अजून पोचत न्हाय.