कुठला खांदा

(सेंदाई, २०१८. बंदुका जोडून देणाऱ्या सुगावारा-सानचं दुकान. शनिवार, दुपार. सुगावारा फक्त जपानी बोलतात. रणजितला ती जेमतेम कळते, म्हणून मध्ये त्याची बायको चैत्राली. तो ओसाकाला नोकरीला, ती सेंदाईला.)

चैत्राली: हात मागे घे. रणजित, हात मागे!

रणजित: लावला कुठं? नुसतं बघायलोय.

चैत्राली: बोट नळीला टेकणारच होतं. परवान्यावर तुझं नाव येईपर्यंत खऱ्या बंदुकीला शिवायचं नाही, आल्या आल्या सांगितलं ना त्यांनी? तू शिवलास तर त्यांचं दुकान जाईल.

रणजित: आमच्या कोल्हापूरच्या रेंजवर पोरं रायफल खांद्यावर टाकून चहाला जात्यात.

चैत्राली: इथे नाही जात. माफ करा सुगावारा-सान, सवय आहे त्याला.

सुगावारा: सवय चांगली. मला सवयीचंच माप घ्यायचं असतं. ही घ्या, ही नुसत्या लाकडाची आहे. स्क्रू फिरवला की लांब-आखूड होते. खांद्याला लावून उभं राहा म्हणावं.

चैत्राली: ही नकली आहे, हिला लाव हवा तेवढा हात. खांद्याला लावून उभा राहा.

रणजित: हं. असं?

चैत्राली: डावीकडे?

रणजित: काय झालं?

चैत्राली: डाव्या खांद्याला लावलीस.

रणजित: डाव्याचीच करायची आहे. सांग त्यांना.

चैत्राली: तुझा तो स्टेट मेडलचा फोटो माझ्या टेबलावर आहे. रोज बघते मी. रायफल उजवीकडे आहे.

रणजित: बदलत्यात लोक. नवीन टेक्निक आहे. सांग गं.

चैत्राली: सुगावारा-सान, त्याला डाव्या खांद्याची हवी आहे.

सुगावारा: नेमबाजी असोसिएशनच्या पत्रात उजवा लिहिलंय. पंधरा वर्षं उजवा.

चैत्राली: पत्रात उजवा आहे म्हणतायत.

रणजित: पत्र जुनं आहे. आणि विचार, डिसेंबरपर्यंत होईल का. पैसे जास्त लागले तरी चालतील म्हण.

चैत्राली: डिसेंबर? आत्ता जून चालू आहे.

रणजित: विचार की.

सुगावारा: डिसेंबरला नाही जमणार. नळी बाहेरून येते, खांद्याला टेकतो तो लाकडी दस्ता मी कापतो, मग सगळं जोडून नेम बसवायचा. त्यात तुमचा परवाना. दहा महिने धरा.

चैत्राली: दहा महिने.

रणजित: नाही नाही. एवढा टाइम नाही माझ्याकडं.

चैत्राली: कुठे जायचंय तुला? ओसाकाचं पोस्टिंग अजून दोन वर्षं आहे.

रणजित: आहे. तरी पण.

चैत्राली: काय तरी पण?

सुगावारा: ठीक आहे. माप घ्यायच्या आधी माझ्या फॉर्मवरची शेवटची ओळ भरून घेतो. ती सगळ्यांना भरावी लागते. तुम्ही घ्यायला येऊ शकला नाहीत, तर कोण येईल?

चैत्राली: म्हणजे?

सुगावारा: सात वर्षांपूर्वी त्सुनामीनंतर पोलीस चिखलातून लोखंडी कपाटं काढून आणायचे. आत बंदुका. इथेच, या टेबलावर एकतीस धुतल्या मी. नऊ जणांचं कोणीच आलं नाही. त्या कापून वितळवायला दिल्या. नऊपैकी चार माझ्याच हातच्या. तेव्हापासून विचारतो.

चैत्राली: रणजित, ते विचारतायत, तू घ्यायला आला नाहीस तर कोण येईल. नाव लिहायचंय.

रणजित: लिही कायतरी.

चैत्राली: कायतरी काय लिहू?

रणजित: चंद्रशेखर लिही. ऑफिसातला.

चैत्राली: मी इथे बसलेय समोर, आणि चंद्रशेखर?

रणजित: तुला कशाला त्रास? तुझं प्रोजेक्ट आहे, ते पर्मनंटचं चाललंय तुझं. लिही गं, म्हातारा बघायलाय.

चैत्राली: बघू दे. मी काही लिहीत नाही. काल स्टेशनवर मी तुझ्या उजव्या हाताला उभी होते आणि तू माझ्यासमोरून सरळ निघून गेलास. मी हात हलवत होते, हाक मारली तेव्हा वळलास. मला वाटलं चिडलायस. आणि आता हे.

रणजित: गर्दी होती.

चैत्राली: सेंदाईला? शुक्रवारी दुपारी दोनला?

सुगावारा: सांगा त्यांना, दोन्ही डोळे उघडे ठेवून माझ्या नाकाकडे बोट करा. नेमाचा डोळा कुठला ते कळतं. साधी गोष्ट आहे.

चैत्राली: त्यांच्या नाकाकडे बोट कर. दोन्ही डोळे उघडे ठेवून.

रणजित: केलं. झालं?

सुगावारा: आता डावा डोळा झाका.

चैत्राली: डावा झाक.

रणजित: कशाला? मी डाव्यानंच मारणार आहे.

चैत्राली: झाक म्हणतायत.

रणजित: हं.

सुगावारा: माझ्या हातात काय आहे?

चैत्राली: हातात काय आहे विचारतायत.

रणजित: तीन.

चैत्राली: काय?

रणजित: तीन बोटं. दिसतायत मला, नीट दिसतायत.

चैत्राली: रणजित, त्यांनी बोटं दाखवलीच नाहीत. चहाचा कप धरलाय. निळा कप.

रणजित: उजेड मागून यायलाय त्यांच्या. चेहऱ्याच्या मागं खिडकी आहे. तू पण ना.

चैत्राली: खिडकी तुझ्या मागे आहे. डोळ्यावरचा हात काढ. माझ्याकडे बघ. नाही, तसा नाही, मान वाकडी करून नाही. सरळ बघ.

रणजित: चैतू, इथं नको.

चैत्राली: इथेच. त्यांना मराठी कळत नाही.

रणजित: मधलं गेलंय. उजव्याचं. कडेचं दिसतं सगळं. तुझ्याकडं बघितलं की केस दिसत्यात, कानातलं दिसतं, मधी राखाडी डाग. चेहरा नाही.

चैत्राली: कधीपासून?

रणजित: मार्च.

चैत्राली: मार्च! आपण रोज व्हिडिओवर बोलतो!

रणजित: डाव्यानं दिसतं की सगळं. फोन जरा डावीकडं धरायचा.

चैत्राली: म्हणून तुझा अर्धाच चेहरा दिसायचा. आणि मी तुला म्हणायचे, फोन नीट धरता येत नाही का रे तुला. डॉक्टर?

रणजित: ओसाकाला दाखवलं. रक्त तपासलं. घरात कुणाला होतं का विचारलं.

चैत्राली: कोणाला होतं?

रणजित: तुला माहीत आहे.

चैत्राली: मामा? जयप्रकाशमामा? अरे, तुम्ही सगळे म्हणता त्यांचे डोळे तंबाखूने गेले!

रणजित: घरात तसंच म्हणायचे. मी पण तेच धरून होतो. डॉक्टरनं कागदावर आकृती काढली. आईकडून येतं म्हणे. आईला काही होत नाही, पोरांना होतं. आधी एक डोळा. मग दुसरा.

चैत्राली: मग दुसरा कधी?

रणजित: नक्की नाही सांगत. काहींचा राहतो म्हणे. मामाचा पहिल्यानंतर नऊ महिन्यांत गेला. चौतीस वर्षांचा होता.

चैत्राली: मार्च ते डिसेंबर. तू मोजून आलायस.

रणजित: एक मॅच मारायची आहे. पूर्ण. साठ गोळ्या. नॅशनलला पंचेचाळिसाव्या गोळीला माझी रायफल अडकली होती, ती मॅच राहिलीच. डावा शाबूत आहे तोवर साठ. बास. मग परवाना परत करतो, कपाट विकतो, काय म्हणशील ते.

चैत्राली: आणि मला कधी सांगणार होतास?

रणजित: मामीला बघितलंस ना तू? आपल्या लग्नात?

चैत्राली: बघितलं.

रणजित: मामाचा हात धरून स्टेजवर आली. आहेराचं पाकीट तिनंच त्याच्या हातात दिलं, तिनंच त्याचा हात पुढं केला. बावीस वर्षं तेच करायली आहे. शाळेत शिकवायची ती, सोडली. मला ते नको होतं, बास.

चैत्राली: कुणाला नको होतं? मला विचारलंस? मी मामी होईन की नाही ते तूच ठरवलंस, आणि पुढे चंद्रशेखर लिही म्हणालास!

सुगावारा: चहा निवतोय. मी आत जाऊन येऊ का?

चैत्राली: नको, सुगावारा-सान. बसा तुम्ही.

रणजित: काय म्हणाला? त्याला काय सांगू नकोस हां. चैतू. पाया पडतो.

चैत्राली: मंगळवारी मला पोलिसांचा फोन आहे. विसरलास? नवरा दारू पितो का, भांडण होतं का, आजारी आहे का. बायकोला विचारूनच परवाना देतात इथे. काय सांगू मी त्यांना?

रणजित: दारू पीत नाही सांग. भांडण होत नाही सांग.

चैत्राली: आणि तिसरं?

रणजित: तिसरं मी डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर बघतो. डाव्यानं पास होतोय मी, नियमात बसतंय. खोटं नाही बोलायचं तुला. फक्त... विचारलं तेवढंच सांगायचं.

चैत्राली: ते विचारणारच आहेत तेच! आणि रेंजवर बाजूच्या लेनला कोणीतरी असेल, रणजित. तुझ्या डाव्या डोळ्याने तेव्हाच दगा दिला तर?

रणजित: मी आयुष्यात नळी कुणाकडं वळवलेली नाही.

चैत्राली: मघाशी कप दिसत नव्हता, तरी तीन म्हणालास. सुगावारा-सान, माझ्या नवऱ्याला उजव्या डोळ्याने समोरचं दिसत नाही. डावाही जाईल कदाचित. त्याच्या मामांचे दोन्ही गेले. म्हणून त्याला डिसेंबरची घाई आहे. मला हे आत्ता, तुमच्यासमोरच कळलं.

रणजित: सांगितलंस. सांगितलंस ना शेवटी.

सुगावारा: उजव्याचं मला दारातच कळलं होतं. छत्री स्टँडच्या बाहेर ठेवली त्यांनी, दोनदा. मी वाट बघत होतो, ते स्वतः सांगतात का.

चैत्राली: त्यांना आधीच कळलं होतं. तू छत्री ठेवलीस तेव्हा.

रणजित: मग विचारत कशाला बसला मला?

सुगावारा: परवाना द्यायचा का नाही ते पोलीस बघतील. मी रायफल जोडणार नाही. एक डोळा गेला म्हणून नाही. एका डोळ्याचे नेमबाज आहेत माझ्याकडे, चांगले आहेत. पण कप दिसला नाही आणि तीन म्हणाले. दिसत नाही म्हणाले असते, तर विचार केला असता.

चैत्राली: रायफल करणार नाही म्हणतायत. डोळ्यामुळे नाही. तू तीन म्हणालास म्हणून.

रणजित: ...चल. जाऊ या. पाच पंचेचाळिसची बुलेट ट्रेन आहे माझी.

सुगावारा: बसायला सांगा त्यांना. लाकडाला परवाना लागत नाही.

चैत्राली: काय?

सुगावारा: दस्ता. खांद्याचा, गालाचा भाग. तो नुसतं लाकूड आहे, कोणालाही करून देतो मी. प्रकाशाची रायफल असते ना, शाळेतली मुलं मारतात ती? गोळी नसते, लक्ष्यावर उजेड पडतो फक्त. तिला पोलीस लागत नाहीत. मॅचही होतात तिच्या, साठचीच. तिच्यावर तुमच्या मापाचा दस्ता बसवून देईन. दोन महिने.

चैत्राली: रणजित, बस. प्रकाशाची रायफल म्हणतायत. गोळी नाही, परवाना नाही. दस्ता ते तुझ्या मापाने करतील. दोन महिन्यांत.

रणजित: ते जत्रेतलं? फुगे फोडायचं?

चैत्राली: मॅच होतात म्हणे. साठचीच असते.

रणजित: धक्का बसतो का खांद्याला?

चैत्राली: नाही म्हणतायत.

रणजित: वास येतो? बंदुकीच्या दारूचा, जळल्याचा?

चैत्राली: नाही.

रणजित: मग उरलं काय?

सुगावारा: काय विचारलं त्यांनी?

चैत्राली: मग उरलं काय, म्हणाला.

सुगावारा: श्वास. सोडायचा, अर्ध्यात थांबायचं, आणि बोट. बाकीचं मी विकतो, ते एवढं मला कधी विकता आलं नाही. इशिनोमाकीचा एकजण येतो माझ्याकडे. दोन्ही डोळे नाहीत. कानात हेडफोन लावतो, नेम मध्याजवळ आला की सूर चढत जातो. साठ मारून झाले की मला आकडा विचारतो. विचारायची गरज नसते, त्याला आधीच माहीत असतं.

चैत्राली: इशिनोमाकीला एक माणूस आहे. दोन्ही डोळे नाहीत. तो आवाजावर मारतो. नेम मध्याजवळ आला की हेडफोनमध्ये सूर चढतो. आणि ते म्हणाले, उरतो तो श्वास.

रणजित: आंधळा. साठ?

चैत्राली: पूर्ण साठ.

रणजित: म्हातारा हुशार आहे.

चैत्राली: म्हातारा सगळ्यांची मापं घेतो. फॉर्म द्यायचाय त्यांना आता.

रणजित: चंद्रशेखरचं नको लिहू.

चैत्राली: माझंच लिहिलंय. मघाशीच, तू उजेड मागून येतोय म्हणालास तेव्हा.

रणजित: तुझी नोकरी सोडायची नाही हां. हे आत्ताच सांगून ठेवतो.

चैत्राली: कोण सोडतंय? तू ये इकडे. सेंदाईला. आजची गाडी सोड, बाकी घरी जाऊन भांडू.

सुगावारा: मग माप घेऊ? पण आधी ठरवायला लागेल. डोळ्याने मारणार असतील, तर दस्ता डावा. कानाने मारणार असतील, तर डोळा कुठलाही असो, खांदा सवयीचा. दोन्ही चालतील असा दस्ता मी करत नाही.

चैत्राली: विचारतायत, कुठला खांदा. डोळ्याने मारायचं असेल तर डावा, आणि...

रणजित: कळलं.

चैत्राली: आज ठरवलंच पाहिजे असं नाही. डॉक्टर म्हणाले ना, काहींचा राहतो.

रणजित: म्हणाले.

चैत्राली: मग डावा सांगू?

रणजित: त्यांना उभं ठेवलंयस गं. हातात टेप धरून कधीचे थांबलेत.

चैत्राली: थांबतील. तू सांग.

रणजित: उजवा.