बाई नाई, बाज खाली घेतली

माहं माहेर संग्रामपूरकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं, मागच्या दारात उभं राह्यलं की डोंगर दिसे, अन् दिली मले कुठी तं इकडं धाड गावाच्या अंगाले, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाले, जेथी माह्या बोलण्यालेबी लोकं हसत. नाव माहं पार्बता, पण सासूनं पहिल्याच दिवशी नाव ठेवलं डोंगरी. ए डोंगरी, पाणी आण. ए डोंगरी, चूल फुक. सासूले मी आत्याबाई म्हणे. काय सांगू तुम्हाले, ते बाई म्हणजे बाई होती. लिहून घ्या, पण एक सांगते, तिले बिचारी लिहू नका. तिले बिचारी म्हणणाऱ्याची तिनं भर बाजारात इज्जत उतरवली असती.

सासरा लवकर गेला. तिनं एकलीनं विहिरीवरच्या मळ्यात वांगे, मेथी, दोडके पिकवले, लेक वाढवला, अन् धाडच्या बाजारात असं बसे जसं बाजार तिच्या बापानंच भरवला. गिऱ्हाईक म्हणे, बाई, वांगं किडकं दिसते. ती म्हणे, कीड तुह्या डोळ्यात हाय, वांगं कवळं हाय. अन् ते हसत हसत घेऊन जाये. शेजारी रहीमतबीचा मळा, मधात मेंदीचं कुंपण, अन् त्या कुंपणावरून या दोघीचं दिवसभर भांडण, तुही कोंबडी माह्या मेथीत, तुही वेल माह्या लिंबावर, अन् दिवस मावळता दोघी एकाच डबीतली तंबाखू मळत बसायच्या.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता, तवाची गोष्ट. आंघोळीच्या वेळी आत्याबाईची पाठ मीच चोळे, तं एकदम म्हणे, माही मी चोळीन. मले वाटलं काही राग हाय. मंग एक दिवस तिची चोळी धुवाले घेतली तं आतून डाग, रगत-पू. विचारलं तं म्हणे, वांग्याचा काटा लागला. म्हटलं, छातीले काटा लागते का? दाखवा. नाई म्हणे. म्हटलं, मंग आता तुमच्या लेकाले सांगते. तवा माहा हात धरून खाली बसली अन् पदर बाजूले केला. गाठ होती, लिंबाएवढी, अन् वरून फुटलेली. किती दिवसाची हाय, म्हटलं. म्हणे, दोन हंगाम झाले. दोन हंगाम ते बाई डोक्यावर टोपलं घेऊन बाजार करत होती, गिऱ्हाइकाशी भांडत होती, अन् आम्हाले पत्ता नाई. काऊन नाई सांगतलं, म्हटलं, तं मलेच म्हणे, कोणाले सांगू, डॉक्टर पुरुष, कंपाउंडर पुरुष, लेक पुरुष, छाती कोणाले दाखवू? याचा राग मले अजून हाय. तिचा नाई, तिचं बरोबर होतं. बाईले दाखवाले बाई नाई ठेवत, अन् मंग बाईलेच म्हणतात उशिरा आली. तुम्ही गावोगाव रोगाच्या माहितीची पत्रकं वाटता ना, त्यात हे टाका.

बुलडाण्याले नेलं, तेथून मोठ्या शहरात नेलं. त्या डॉक्टरनं पाह्यलं अन् भल्या मनानं सांगतलं, कॅन्सर हाय, हाडात उतरला, आता कापून उपयोग नाई, घरी न्या, सांभाळा. सांभाळा म्हणजे काय करा, ते आम्हाले घरी येऊनच शिका लागलं.

अन् गावात तो शब्द आमच्या आधी पोचला. बाया आमच्या मळ्यातली मेथी घेईनात, हा रोग लागते म्हणे. तवा रहीमतबी भर बाजारात उभी राह्यली, आमच्या टोपल्यातला मुळा उचलला, धुतलाबी नाई, कचकच खाल्ला अन् म्हणे, देखो, मरते का मी. रोग नाई लागत बायांनो, लागते ते तुमचं तोंड लागते. त्या बाजारात आमची मेथी सगळी खपली.

मधल्या घरात बाज टाकली, अंबाडीच्या दोरीनं विणलेली. जखम धुवाले कडूलिंबाचा पाला उकळून गार केलेलं पाणी, अन् जुन्या लुगड्याच्या मऊ पट्ट्या, उकळायच्या, उन्हात वाळवायच्या, परत बांधायच्या. वास येई, खोटं कशाले बोलू, पण मी नाकाले पदर लावला नाई, कारण तिचं सगळं ध्यान माह्या पदराकडं राहे. नाकाचं काय, नाक शिकते. माणूस एकदा मनातून उतरलं की ते परत चढत नाई. दुखणं कंबरेच्या हाडात बसलं होतं. कूस बदलायची तं अंगाखाली चौपदरी लुगडं, एका अंगाले मी, एका अंगाले आमचे हे, अन् हळू हळू ओढायचं, जसं वाफ्यातलं रोप मातीसकट काढतात. दुखणं थांबवायची सुई धाडच्या कंपाउंडरजवळ असली तं असे, नसली तं बुलडाण्याले माणूस पाठवा लागे, अन् तो येईपर्यंत बाई दातात पदर धरून पडून राहे. निवडणूक आली की गल्लीत जीप येते, भोंगा लावून येते. सुई घेऊन काऊन येत नाई? तवाबी मी हेच विचारत होती, आताबी विचारून राह्यली.

आता खरी गोष्ट सांगते. आमच्यात माणूस जायले लागलं की त्याले बाजेवरून खाली घेतात, शेणानं सारवलेल्या भुईवर. बाजेवर जीव गेला तं तो अधांतरी राहते, ना भुईचा ना आभाळाचा, दोऱ्यातच अटकून राहते, असं म्हणतात. तुम्ही म्हणसान खोटं हाय. असन. पण ज्याले मरायचं हाय त्याले त्याचं भेव वाटते ना, ते भेव तं खोटं नाई.

एका दुपारी तिचा श्वास अटकला, डोळे वर गेले. आमच्या ह्यायनं नाना काकाजीले बोलावलं. नाना काकाजी म्हणजे माह्या सासऱ्याचे धाकटे भाऊ, घराण्यात आता तेच मोठे माणूस. ते आले, नाडी पाह्यली, म्हणे, खाली घ्या. चौघायनं उचललं. काय सांगू तुम्हाले, दोन हंगाम गाठ घेऊन हसणारी बाई, ते असं ओरडली की कुंपणापलीकडं रहीमतबीच्या हातातलं खुरपं गळलं. अन् त्या ओरडण्यानंच श्वास परत आला. मेली नाई. भुईवर ठेवता येईना, हाडं टोचत, म्हणून परत वर ठेवली, तं परत ओरडली. थोडे दिवस गेले अन् पुन्हा तेच. श्वास अटकला, खाली घेतली, श्वास आला, वर ठेवली. त्या बारीले घामानं चिंब झालेली ती नाना काकाजीले म्हणे, माही काय मोट केली का रे नाना, खाली सोडता अन् वर ओढता. नाना काकाजीले हसू आलं अन् डोळ्यात पाणीबी आलं. वाईट माणूस नव्हते ते. पण जाताना दारात आमच्या ह्यायले सांगून गेले, आता पुढच्या बारीले खाली घेतली की वर ठेवायची नाई, व्हायचं ते भुईवरच होऊ दे.

ते तिनं ऐकलं. रोग कानात थोडीच उतरला होता. तिनं मले जवळ बोलावलं. डोंगरी नाई म्हटलं, पार्बता म्हटलं. म्हणे, पार्बता, मले आता उचलू देऊ नको. म्हटलं, नाई देणार. म्हणे, अन् बाजेवर मरूबी देऊ नको. म्हटलं, आत्याबाई, दोन्ही कसं होईन? म्हणे, ते तू पाह्य, मी मरून राह्यली, सगळं मीच पाहू का?

दोन्ही कसं होईन, दोन्ही कसं होईन, हेच डोक्यात. आमचे हे म्हणत, मोठ्यायचं ऐका लागते. सकाळी मळ्यात गेली, दोडक्याच्या वेलाले मांडव घालायचा होता, लाकडी मेढी रोवायले लोखंडी सब्बलीनं खड्डे खणत होती, अन् ध्यान जाग्यावर नाई, खड्डे खोल खोल गेले, मेढी रोवल्या तं मांडव माह्या गुडघ्याले. रहीमतबी कुंपणावरून म्हणे, क्यों गं, दोडके भुईवर लोळवते का? मी त्या मांडवाकडं पाहतच राह्यली. मेढ तेवढीच, पण खड्डा खोल, तं मांडव भुईजवळ आला. बाई काऊन खाली घ्यायची, बाजच खाली घेऊ. सब्बल तशीच हातात घेऊन घरी आली.

आमचे हे म्हणे, नाना काकाजीले विचारा लागीन. नाना काकाजी आले. तोपर्यंत मी त्यायच्यासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं, पदर डोळ्यावर ओढून दाराआड उभी राहे. त्या दिवशी उंबऱ्यात उभी राह्यली अन् म्हटलं, काकाजी, दोष बाईत हाय का बाजेत? ते म्हणे, बाजेत, ती भुईपासून उंच हाय म्हणून. म्हटलं, मंग उंचीच काढू. चार खड्डे खणू, पाय त्यात जातीन, दोऱ्या भुईले टेकतीन, बाई उचला लागणार नाई. नाना काकाजी म्हणे, राहत्या घरात, जित्या माणसाच्या बाजूले खड्डा खणतात का कोणी? आमच्या घराण्यात असं कधी झालं नाई. म्हटलं, काकाजी, आत्याबाई ओरडली तसं ओरडणंबी या घराण्यात कधी झालं नसन. तेवढ्यात आतून आवाज आला, नाना, तू मले दोनदा उचललं, आता एकदा तिच्या हातात दे. वहिनीचा शब्द होता, लहानपणी त्यायले तिनंच भाकर थापून वाढली होती. त्यायनं डोक्यावरचं पागोटं काढलं, खुंटीले अडकवलं अन् मले म्हणे, आण ती सब्बल इकडं.

भर दुपारी दारं उघडी टाकून खणलं. चार खड्डे, बाजेच्या पायापासून वीतभर बाजूले. आत्याबाई पडल्या पडल्या ऐकत होती, म्हणे, काऊन रे नाना, मांडव घालता का घरात? कोणाचं लग्न काढलं? नाना काकाजी म्हणे, तुमचंच काढलं वहिनी. म्हणे, मंग नवरा चांगला पाह्यजो, पहिला लय लवकर गेला. खणता खणता आमचे हे हसले, लय दिवसानं हसले.

माती बाहेर काढली, भुई मी सारवली. आता चार पाय, तं चार माणसं पाह्यजे. आमचे हे, नाना काकाजी, मी, अन् चौथी रहीमतबी. नाना काकाजी तिच्याकडं पाहून काही बोलणार होते, पण आत्याबाईच आधी बोलली, धरू दे तिले, जिंदगीभर माहं कुंपण सरकवत आली, आता बाज सरकवू दे. रहीमतबी म्हणे, बुढी, गप पड, नाई तं मी माह्या बाजूनं सोडून देईन. उचललं. वीतभर सरकलो, अन् हळू, हळू, नाना काकाजी म्हणत राह्यले हळू, अन् पाय खड्ड्यात उतरले. ती ओरडली नाई. डोळे मिटलेले होते, मले वाटलं गेली, तं म्हणे, झालं का?

नाना काकाजीनं वाकून दोरीखाली हात घालून पाह्यला. बोट शिरेना. म्हणे, टेकली वहिनी. तवा आत्याबाईनं हात खाली सोडला, तळवा ओल्या सारवणावर ठेवला, अन् ठेवूनच राह्यली. म्हणे, गार हाय.

त्यानंतर ती थोडेच दिवस जगली, पण निवांत जगली. श्वास अटकला तं उचलायले कोणी धावत येईना, मी फक्त हात धरून बसे. माही कंबर मोडे, बाज खाली गेली तं सगळं ओणवं होऊन करा लागे, धुणं, पुसणं, पट्ट्या बांधणं. ते तिच्या ध्यानात राहे. म्हणे, तुले माह्या पायी लय वाका लागते. म्हटलं, रोपं लावताना वाकतेच ना. म्हणे, रोपं मोठे होतात, मी काय होणार हाव? मी पट्टीची गाठ बांधली अन् तिच्या अंगावर पदर सारखा केला.

एका दुपारी मी चमच्यानं ताक पाजत होती, तं म्हणे, पुरे. दोडक्याले पाणी दिलं का? म्हटलं, दिलं. म्हणे, तो मांडव उंच कर, दोडके सडतीन. मी चमचा धुऊन आली तवर गेली होती. कोणी उचललं नाई, ती ओरडली नाई. तोंड असं होतं जसं बाजारात टोपलं रिकामं झाल्यावर असे.

माती देऊन आल्यावर एक सोयरा बाहेरच्या सपरीत, ओसरीवर बसून म्हणे, शेवटी बाजेवरच गेली म्हणा की. नाना काकाजी म्हणे, बाज भुईत होती. तो म्हणे, पण बाजच ना? नाना काकाजी म्हणे, तुह्या वेळेले आम्ही तुले दोनदा खाली-वर करू, मंग तूच सांगजो कोणती बाज अन् कोणती भुई. पुढं त्यायनं स्वतःसाठीबी तेच सांगून ठेवलं, अन् त्यायची बाज मीच रोवली. गावात कोणी लय दुखण्यात पडलं की अजून मले बोलावणं येते, पार्बताबाई, सब्बल घेऊन या. मी जाते.

आता माहे केस पिकले. रहीमतबीले ऐकू कमी येते, म्हणून ती मोठ्यानं भांडते. लेकानं मागल्या साली मधल्या घरात फरशी टाकली, चांगली केली, सारवायचं काम गेलं. परवा सून मेथी निवडता निवडता म्हणे, आत्याबाई, तुमची बाज आता रोवू कुठी, खाली तं फरशी हाय. म्हटलं, सपरीत माती हाय अजून, तेथी टाकजो मले, वाराबी येते अन् जाणारं-येणारं माणूसबी दिसते. तिनं जुडी खाली ठेवली. मंग म्हणे, सपरीत काऊन, आपण फरशी फोडू.

झालं, मले एवढंच पाह्यजे होतं. असं म्हणणारं माणूस तुमच्याबी घरात असो.